आयर्नोपोलिसचा एकच सीझन

गेला हिवाळा मी एका कामात घालवला. इंग्लंडच्या मिडल्सब्रो गावात मिडल्सब्रो आयर्नोपोलिस नावाचा एक फुटबॉल क्लब होता, १८८९ ला निघाला, १८९४ ला बंद पडला, आणि फुटबॉल लीगमध्ये त्याच्या वाट्याला एकच सीझन आला, १८९३-९४ चा. तो सीझन मला जुन्या पेपरांमधून एकेक मॅच करत वाचून काढायचा होता. आकडे काय, नेटवर मिळतात: २८ मॅच, ८ जिंकल्या, ४ ड्रॉ, १६ हरल्या, ३७ गोल मारले, ७२ खाल्ले, २० पॉइंट, १५ टीममध्ये ११ वा नंबर. पण खाली अजून चार टीम असताना ११ व्या नंबरची टीम कायमची बंद का पडते हे त्या आकड्यांत कुठंच दिसत नाही, आणि मला तेच बघायचं होतं.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. शिकायला इथं मिडल्सब्रोला, टीसाइड युनिव्हर्सिटीत आलो, मग नोकरी लागली आणि राहिलो. फुटबॉल आमच्या रक्तातच, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब यांच्या मॅच बघत मोठे झालेले आम्ही, त्यामुळं एकाच गावात दोन टीम असल्या की काय होतं, घराघरांत कशी फूट पडते, वर्गणी कशी वाटली जाते हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ऑफिसात एक म्हातारे गृहस्थ आहेत, मिडल्सब्रोचं सीझन तिकीट वर्षानुवर्षं काढणारे, त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा आयर्नोपोलिसचं नाव ऐकलं. "नॉप्स" म्हणायचे लोक त्यांना. गावात दुसरा क्लब होता, तीन वेळा चॅम्पियन होता आणि लिव्हरपूलची लीगमधली पहिली मॅच याच गावात त्यांच्याविरुद्ध झाली, एवढं त्यांनी सांगितलं आणि माझी झोपच उडाली, लिव्हरपूलची पहिली लीग मॅच, आणि ती ज्या गावात झाली तिथं मी रोज भाजी आणायला जातो!

कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून पद्धत सांगतो. मी एक जाड वही घेतली आणि २८ ओळी आखल्या. कॉलम केले: तारीख, कुठं, स्कोअर, हवा, गर्दीबद्दल पेपरवाल्याने काय लिहिलंय, आणि शेवटचा कॉलम नुसता "पैसे". तारखा आणि स्कोअर लीगच्या रेकॉर्डमधून आधीच भरून घेतले, मग प्रत्येक मॅचसाठी शनिवारचा आणि सोमवारचा पेपर. इथला मुख्य पेपर नॉर्थ-ईस्टर्न डेली गॅझेट, १८६९ पासूनचा, आणि डार्लिंग्टनचा नॉर्दर्न एको. काही लायब्ररीत मायक्रोफिल्मवर बघितलं, बाकीचं ऑनलाइन, जुन्या ब्रिटिश पेपरांची मोठी आर्काइव्ह आहे तिच्यात. ऑनलाइन सर्चवर मात्र फार विसंबू नका. मिडल्सब्रो गावालाच लोक आयर्नोपोलिस म्हणायचे, त्यामुळं ते नाव टाकलं की कच्च्या लोखंडाचे भाव, नगरपालिकेच्या सभा, कुणाचं तरी भाषण, सगळं धडाधड येतं आणि मॅच कुठंतरी खाली गाडलेली असते. शिवाय बारीक छपाई, शाई पसरलेली, मशीनने वाचलेला मजकूर निम्मा चुकीचा. सरळ तारीख लावायची आणि पान उघडून डोळ्यांनी वाचायचं, हाच खात्रीचा मार्ग.

आणि वाचताना एक नियम मी स्वतःला घालून घेतला, पुढं डोकवायचं नाही. सप्टेंबर वाचत असताना मार्च बघायचा नाही. शेवट मला माहीत होता, पण त्या वेळी पॅराडाइज ग्राउंडवर, म्हणजे आयर्नोपोलिसच्या मैदानावर, उभ्या असलेल्या माणसाला तो माहीत नव्हता, आणि मला त्याच्या जागेवरून बघायचं होतं.

त्याआधी थोडं मागचं सांगायला पाहिजे, नाहीतर सीझन कळणार नाही. मिडल्सब्रो गाव म्हणजे शून्यातून उभं राहिलेलं. १८०१ च्या खानेसुमारीत इथं २५ माणसं होती. पंचवीस! मग आधी कोळसा चढवायचं बंदर झालं, १८५० ला एस्टनच्या टेकड्यांत लोखंडाचा दगड सापडला आणि भट्ट्या पेटल्या, आणि १८९१ पर्यंत वस्ती पंचाहत्तर हजारांवर गेली. शनिवारी दुपारी कारखाना सुटला की हजारो पुरुषांना जायला जागा पाहिजे, ती जागा म्हणजे फुटबॉल. गावात मिडल्सब्रो क्लब १८७६ पासून होताच, पण तो हौशी, खेळाडूला पगार नाही. इंग्लंडमध्ये पगारी फुटबॉलला १८८५ ला परवानगी मिळाली होती, १८८८ ला लीग सुरू झाली, आणि गावातल्या काही लोकांना वाटायला लागलं की आपणही पगार देऊन चांगले गडी आणले पाहिजेत. क्लबात वाद झाला, एक गट फुटला आणि १८८९ मध्ये आयर्नोपोलिस निघाला. गंमत म्हणजे मग थोड्याच दिवसांत मिडल्सब्रोनेही पगारी खेळाडू घेतले. म्हणजे ज्या मुद्द्यावरून फूट पडली तो मुद्दाच संपला, पण क्लब दोन झाले ते झालेच, मैदानं जवळजवळ, प्रेक्षक तेच, आणि दोघांच्याही डोक्यावर पगाराचा बोजा.

मैदानावर आयर्नोपोलिस लय भारी टीम होती, यात वादच नाही. नॉर्दर्न लीग, म्हणजे उत्तरेकडच्या क्लबांची वेगळी लीग, १८९०-९१, १८९१-९२, १८९२-९३, सलग तीनदा जिंकली. १८९२-९३ च्या एफए कपमध्ये नॉट्स काउंटीला घालवून शेवटच्या आठात गेले आणि तिथं प्रेस्टन नॉर्थ एंडला, म्हणजे ज्यांनी पहिल्या दोन्ही लीग जिंकल्या होत्या त्या प्रेस्टनला, घरच्या मैदानावर २-२ असं रोखलं. रिप्ले प्रेस्टनला झाली, ती ७-० ने हरले. पण २-२! ती बातमी वाचताना मी लायब्ररीत एकटाच हसत होतो.

१८९३ च्या उन्हाळ्यात लीगच्या सेकंड डिव्हिजनमध्ये पाच नवे क्लब घेतले: लिव्हरपूल, वुलिच आर्सेनल, न्यूकॅसल युनायटेड, रॉदरहॅम टाउन आणि आयर्नोपोलिस. ही यादी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. आज यातले तीन जगभर माहीत आहेत.

२ सप्टेंबर १८९३, शनिवार, पॅराडाइज ग्राउंड, पाहुणे लिव्हरपूल. लिव्हरपूल क्लब तेव्हा जेमतेम वर्षाचा, एव्हर्टनने ॲनफिल्ड सोडलं म्हणून रिकाम्या मैदानासाठी काढलेला, पण मागं पैसेवाला माणूस उभा होता आणि स्कॉटलंडहून थोक भावात खेळाडू आणलेले. २-० ने लिव्हरपूल जिंकलं, पहिला गोल माल्कम मॅकव्हीनचा, दुसरा जो मॅक्यूचा. त्या काळच्या रिपोर्टमध्ये फोटो नाही, हेडिंग जेमतेम, एकच लांबलचक परिच्छेद, नुसती आडनावं, टॉस कुणी जिंकला, वारा कुठून होता, कॉर्नर कुणाला, आणि खाली लगेच खोकल्याच्या औषधाची जाहिरात. पण वाचायची सवय झाली की मॅच डोळ्यांसमोर उभी राहते, खरंच राहते. पाच आठवड्यांनी, ७ ऑक्टोबरला, ॲनफिल्डवर परतीची मॅच, ६-० ने हरले. लिव्हरपूल त्या वर्षी एकही मॅच हरलं नाही, २२ जिंकल्या, ६ ड्रॉ, त्यामुळं त्यांच्याकडून मार खाणं यात काही विशेष नव्हतं. पण तोवर माझ्या वहीत दुसरंच काहीतरी दिसायला लागलं होतं.

"कुठं" हा कॉलम. तीन वर्षं नॉर्दर्न लीगमध्ये त्यांच्या मॅच कुणाशी, तर स्टॉकटन, डार्लिंग्टन, साउथ बँक, न्यूकॅसल, बहुतेक सगळं हाकेच्या अंतरावर, सकाळी उशिरा निघून रात्री घरी. आता कुणाशी, तर क्रू, वॉल्सॉल, बर्टन, बर्स्लेम, नॉर्थविच, लिंकन, ग्रिम्सबी, आणि वुलिच म्हणजे थेट लंडनच्याही पलीकडच्या टोकाला. मी जुना रेल्वेचा नकाशा घेऊन एकेक प्रवास आखून बघितला, गाड्या कुठं बदलाव्या लागल्या असतील, मुक्काम करावा लागला असेल का. या लीगमधल्या सगळ्या गावांमध्ये जवळ म्हणावं असं एकच, न्यूकॅसल. बाकी प्रत्येक अवे मॅच म्हणजे दहा-पंधरा माणसांचं भाडं, जेवण, कधी राहणं. आणि समोरच्या मैदानावरचं गेट, म्हणजे तिकिटांचे पैसे, त्या क्लबचं, आपल्याला काय?

मग मी घरच्या गेटचा हिशोब मांडला. हा माझा हिशोब आहे, क्लबची वही नव्हे, पण दर त्या काळचे आहेत. लीगने १८९० पासून किमान तिकीट सहा पेन्स ठरवलेलं. एका पाउंडात २४० पेन्स, म्हणजे चाळीस माणसं आत आली की एक पाउंड जमा. बऱ्यापैकी पगारी खेळाडूला सीझनमध्ये आठवड्याला दोन-तीन पाउंड मिळायचे. अकरा आणि वर एखाद-दुसरा राखीव असे धरले तर आठवड्याला तीस पाउंडांच्या आसपास नुसता पगार, म्हणजे बाराशे तिकिटं, आणि घरची मॅच एक आठवड्याआड, म्हणजे दर घरच्या मॅचला चोवीसशे माणसं फक्त पगारासाठी पाहिजेत, त्यानंतर मैदानाचं भाडं, रेल्वे, गेटवरची माणसं, बॉल, धोबी. पाऊस पडला, कारखान्यात काम बंद असलं, शेजारी मिडल्सब्रोची मॅच असली की गेलं. रिपोर्टमध्ये गर्दीबद्दल बहुतेक वेळा शब्दच असतात, चांगली, बेताची, हवेच्या मानाने बरी. मी ते शब्द तसेच उतरवत गेलो आणि डिसेंबरपर्यंत "बेताची" कितीदा लिहितोय हे हातालाच जाणवायला लागलं.

शिवाय गाव तेव्हा ओढगस्तीत होतं हे विसरून चालणार नाही. १८९२ च्या वसंतात डरहॅमच्या खाणकामगारांचा मोठा संप झाला, कोळसा थांबला, इथल्या भट्ट्या थंड कराव्या लागल्या आणि भट्टी थंड म्हणजे गावाचा पगार थंड. त्या एका वर्षात आसपास काय झालं बघा. संडरलँड अल्बियन बंद पडला. न्यूकॅसल वेस्ट एंड बंद पडला, त्यांचं सेंट जेम्सेस पार्क ईस्ट एंडने घेतलं आणि तेच पुढं न्यूकॅसल युनायटेड झाले. म्हणजे या गावांत दोन-दोन क्लब होते आणि एकेक पडत होता. मिडल्सब्रोतही शहाणपण सुचलं होतं, १८९२ मध्ये दोन्ही क्लबांनी एकत्र येऊन लीगसाठी अर्ज केला, पुरेशी मतं मिळाली नाहीत आणि एकत्र यायचं तिथंच फिसकटलं. मला विचाराल तर क्लबचा शेवट तिथं ठरला, १८९४ ला नाही. नंतर मिडल्सब्रो परत हौशी झाला, पगार बंद केले, आणि म्हणूनच वाचला. आयर्नोपोलिस पगारी राहिला.

बरेच लोक लिहितात की झेपत नसताना लीगमध्ये जायला नको होतं. मला हे पटत नाही. १८९३ ला शेफील्ड युनायटेड आणि न्यूकॅसल दोघेही नॉर्दर्न लीग सोडून गेले, मग उरलेल्या टीमशी खेळून तेवढी गर्दी कुठून आली असती? तिथं राहिले असते तर हळूहळू गेले असते. चांगले गडी तर आधीच निघाले होते, बॉब चॅट त्याच उन्हाळ्यात ॲस्टन व्हिलाला गेला आणि १८९५ च्या कप फायनलमध्ये पहिल्या मिनिटातच व्हिलाचा गोल आला तो त्याच्याच खात्यावर मांडतात. असे खेळाडू धरून ठेवायला लीग पाहिजे होती आणि लीग खेळायला पैसे पाहिजे होते, आणि यातून वाट काढणं त्या कमिटीच्या हातात उरलं नव्हतं.

तरी सीझनमध्ये चांगले दिवस आले. स्मॉल हीथला, म्हणजे आजच्या बर्मिंगहॅम सिटीला, घरच्या मैदानावर हरवलं, आणि स्मॉल हीथ त्या वर्षी दुसरे आले आणि वर गेले. आर्डविकलाही घरी हरवलं. हे रिपोर्ट मी दोन-दोनदा वाचले. एवढ्या ओढाताणीत, बर्टन नाहीतर वॉल्सॉलहून रात्रभराच्या गाडीने आलेले पाय घेऊन, ही पोरं पुढच्या शनिवारी उभी राहून स्मॉल हीथला हरवतात, याला काय म्हणायचं?

मग फेब्रुवारी. क्लबने सगळ्या पगारी खेळाडूंना नोटीस दिली, क्लब बंद होतोय म्हणून. शेवट माहीत असूनही मला ते त्या पानावर भेटेल असं वाटलं नव्हतं, मला वाटत होतं शेवट एप्रिलच्या शेवटी येईल, मॅच संपल्यावर. तसं नव्हतं. नोटीस हातात घेऊन पोरांना उरलेला सीझन खेळायचा होता. लीगचं फिक्स्चर होतं, पॉइंट मोजले जात होते, समोरच्या टीमला तिच्या मैदानावर गेट पाहिजे होतं, त्यामुळं जायलाच लागणार. मी त्या दिवशी मशीन बंद करून बाहेर आलो आणि लिंथॉर्प रोडने चालत घरी गेलो, डोकं चालत नव्हतं.

नंतरचे आठवडे मी सगळ्यात सावकाश वाचले. मला बघायचं होतं की नोटिसीनंतर हे सोडून देतात का, पाच-सहा माणसांनी खेळतात का, शेवटी दहा-बारा गोल खाऊन कोसळतात का. नाही कोसळले. हरले, काही वेळा मोठं हरले, पण लीगचं काम पूर्ण केलं, क्रू, आर्डविक, रॉदरहॅम आणि नॉर्थविच यांच्या वर राहून. नोकरी जाणार हे कळल्यावर तीन महिने मन लावून काम केलेला माणूस मी माझ्या आयुष्यात फार कमी बघितलाय. या अकरा-बारा जणांची नुसती आडनावं माझ्याकडं आहेत, पण त्यांच्याबद्दल मला जो आदर वाटतो तो लीग जिंकणाऱ्या टीमबद्दलही वाटत नाही.

शेवटची मॅच ३० एप्रिल १८९४ ला, सोमवारी, साउथ बँकशी, १-१. लीगची नव्हती, शेजारच्या गावाशी. त्यानंतर क्लबने लीगचा राजीनामा दिला. लीगमध्ये एकच सीझन खेळून गेलेले क्लब दोनच, एक बूटल, त्याच्या आदल्या वर्षीचा, आणि एक हा.

वहीचं काम संपल्यावर मी मैदानाची जागा बघायला गेलो. पॅराडाइज ग्राउंडच्या लगतच मिडल्सब्रोने १९०३ ला आयर्सम पार्क बांधलं, तिथं १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये उत्तर कोरियाने इटलीला १-० ने हरवलं, आणि १९९५ नंतर तेही गेलं, आता सगळीकडं घरं. पाक दू-इकने गोल मारला त्या जागेवर, एका घरासमोरच्या गवतात, बुटाच्या स्टडच्या खुणांचा ब्राँझचा ठसा बसवलाय. मी खाली बसून हात लावून बघितला, थंडगार, तळहाताएवढा. एका आजीबाईंनी खिडकीतून बघितलं, त्यांना बहुतेक सवय असणार.

आता पैशांची गोष्ट पूर्ण करतो, कारण वहीतला शेवटचा कॉलम त्यासाठीच होता. आर्डविकही त्याच सीझनमध्ये पैशापायी बुडाला, पण तिथल्या लोकांनी लगेच नव्या नावाने क्लब उभा केला आणि लीगने त्याला जागा दिली, तो मँचेस्टर सिटी. नॉर्थविच लीग सोडून गेला. आणि मिडल्सब्रोत, गावात एकच क्लब उरल्यावर, त्या हौशी मिडल्सब्रोने १८९५ आणि १८९८ ला अमॅच्युअर कप जिंकला, १८९९ ला परत पगारी होऊन लीगमध्ये आला, आणि १९०५ च्या फेब्रुवारीत संडरलँडकडून ॲल्फ कॉमनला एक हजार पाउंड देऊन घेतला, जगातली पहिली हजार पाउंडांची ट्रान्सफर. माझ्या सहा पेन्सच्या हिशोबाने चाळीस हजार तिकिटं, एका माणसासाठी. अकरा वर्षांपूर्वी याच गावात पगाराला पैसे नव्हते म्हणून अख्ख्या टीमला नोटीस गेली होती. गाव तेच, शनिवार तेच, सहा पेन्स देणारे हातही बरेचसे तेच. गर्दी दोन मैदानांत वाटली जात नव्हती एवढाच फरक मला दिसतो.

वहीची बरीच पानं कोरी आहेत. पुढचं काम संडरलँड अल्बियनचं, त्यांचा १८९१-९२ चा सीझन, ओळी आखून ठेवल्यात, तारखा भरायला घेतल्यात. अल्बियन काढला तो जेम्स ॲलननेच, ज्या शाळामास्तरने आधी संडरलँड क्लब काढला होता आणि नंतर तोच सोडून बाहेर पडला, त्यामुळं भांडण इथल्यापेक्षा मोठं असणार. पेपर मात्र संडरलँडचे वेगळे लागतील.